सरासरी मुक्काम

दशांश चिन्ह द्यायचं राहून गेलं असेल तर आपली धडगत नाही, हे पर्यटन खात्यातल्या आकडेबाईंना टॅक्सीत बसल्याबसल्याच कळून चुकलं. साडेअकरा वाजले होते. बाराच्या ठोक्याला साहेब पत्रकारांपुढे उभे राहणार होते आणि त्यांच्या हातातल्या कागदावर बाईंनीच लिहिलं होतं: स्टेशनमागची गल्ली, पर्यटकांचा सरासरी मुक्काम, एकोणीस रात्री.

एरवी या शहरात कुणी दोन रात्रींच्या वर टिकत नव्हतं. समुद्रावरची बडी हॉटेलं माशा मारत बसली होती. आणि या एवढ्याशा बोळात माणसं तीन-तीन आठवडे तळ ठोकून! दुकानांची विक्रीही वर्षात दीडपट झालेली. बाहेरगावचा माणूस लॉजमध्ये उतरला की तो पर्यटक, अशी खात्याची सरळ व्याख्या होती. तेव्हा स्वस्त लॉज हटवून तिथे एकच झकास हॉटेल उभारावं, ही शिफारसही बाईंचीच. ती मंजूर झाली की अकरा वर्षांची कंत्राटी नोकरी कायम होणार होती. आकडा चुकला, तर महिनाअखेरीस घरचा रस्ता. ही भाजीवालीशीसुद्धा टक्क्यांत घासाघीस करते, अशी नवरा थट्टा करायचा, पण घर चालायचं ते बाईंच्याच पगारावर.

गल्ली त्यांनी आजवर कागदावरच पाहिली होती. दुकानांपुढे बादल्या, चटया, थर्मास यांची रास लागली होती. आठवण म्हणून घरी न्यावी अशी एक वस्तू दिसेल तर शपथ. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

पहिल्याच लॉजच्या मॅनेजरने रजिस्टर दाखवायला खळखळ केली.

"कर वाढवायला आलात का, ताई?"

"नाही हो. फक्त रात्री मोजायच्यात. पण लवकर!"

बाईंचं बोट ओळींवरून सरकत गेलं. सतरा. बावीस. नऊ. एकतीस. पुन्हा बावीस.

"हे खरं आहे?"

"खोटं लिहून मला काय मिळणार? आठवड्याचं भाडं भरतात आणि मग मुदत वाढवून मागतात. खोली म्हणून रिकामी राहत नाही."

आकडेबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"साहेब, एकोणीसच! बिनधास्त जाहीर करा."

"शाब्बास! लॉज हटवायच्या नोटिसांवर सही करूनच बाहेर पडतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाहेर पायरीवर एक बाई नवी बादली मांडीशी धरून बसली होती. आकडेबाईंना तिचं भारी कौतुक वाटलं. अशा पाहुण्यांनीच तर त्यांची नोकरी वाचवली होती.

"कधी आलात?"

"उद्या महिना होईल."

"अगंबाई! मग एव्हाना सगळं शहर पालथं घातलं असेल. काय आवडलं?"

तिने मान वळवून कोपऱ्यापलीकडचं सरकारी इस्पितळ दाखवलं.

"ही पायरी आणि तो तिसरा मजला, एवढंच बघितलंय, ताई. पोराला रक्ताचा आजार आहे. इथे उतरलेले सगळे आमच्यासारखेच."

आकडेबाईंनी घाईघाईने साहेबांना पुन्हा फोन लावला. पलीकडे नुसती घंटा वाजत राहिली. बारा वाजून गेले होते.

त्यांचा चेहरा उतरलेला पाहून ती बाई त्यांचीच समजूत घालू लागली.

"पण तुमच्या शहराला नावं नाही ठेवायची मी. इथलं भाडं परवडतं, म्हणून तर पोराचे उपचार चाललेत."