जुन्या कुंडीची सवय

कोलियसची मुळं कुंडीच्या तळातल्या भोकातून बाहेर डोकावायला लागली, तशी तिने मोठी कुंडी आणली आणि रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून तिच्यात ठेवायला घेतलं. शेजारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या नणंदेला राहवलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं एका खोलीत वर्षानुवर्षं करून, आई गेल्यावर ताई नुकत्याच भावाकडे राहायला आल्या होत्या.

"अगं, तसंच नको ठेवूस. आधी मुळं बोटांनी मोकळी कर. बघ, कशी वेटोळं घालून बसलीत."

"अहो ताई, एवढी ऐसपैस कुंडी दिलीय. पसरतील की आपोआप."

"कुठली पसरतात. मोठ्या कुंडीतही जुन्या कुंडीएवढ्याच जागेत गोल गोल फिरत राहतील. आणि शेंडे खुड, म्हणजे झाड अंगाने भरेल."

तिने मुळं सोडवली, शेंडे खुडले, पाणी घालून कुंडी सावलीत सरकवली.

दुपारी ती चहा घेऊन ताईंच्या खोलीत गेली. भावाने हौसेने घरातली सगळ्यात मोठी खोली बहिणीला दिली होती, वर नवाकोरा पलंग. पलंगावरच्या चादरीला सुरकुतीही नव्हती. ताई खाली, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत चटई टाकून, अंग चोरून झोपल्या होत्या.

तिने कप हलकेच टेबलावर ठेवला.

त्या एवढ्याशा आवाजानेही ताई धडपडत उठल्या आणि रिकाम्या पलंगाकडे वळून म्हणाल्या, "आले गं आई, आले."