काटा मध्यावर येईपर्यंत

"खोला," प्रणेश म्हणाला. "माझ्यासमोर खोला."

श्रीपतरावांनी पाना उचलला आणि नुसताच हातात धरून ठेवला. समोर ती पिवळी स्पोर्ट्‌स कार बॉनेट उघडून उभी होती. महिनाभर तिला कुणी शिवलं नव्हतं. महिन्यापूर्वी सकाळी याच गाडीच्या सीटवर त्यांचा मुलगा बालाजी मेलेला सापडला होता.

हुमनाबादच्या हायवेवरचं हे गॅरेज खरं तर ट्रकवाल्यांचं. असली गाडी इथे आली ती बालाजीसाठी. पोरगा पुण्यात मोठ्या वर्कशॉपला चार वर्षं काढून आला होता. कलबुर्गीच्या इंजिनिअर प्रणेशनं ही गाडी जुनीच घेतली होती आणि ती सारखी गरम व्हायची. बालाजीनं तासाभरात दुखणं पकडलं. थर्मोस्टॅट अडकला होता. मिस्त्री त्याला वॉल म्हणतात. इंजिनाला पुरती ऊब येईतोवर पाणी अडवून धरायचं आणि मग वाट मोकळी करायची, एवढंच त्या बोटभर तुकड्याचं काम. कंपनीचा वॉल परदेशातून यायला महिना लागणार होता. बालाजी हैदराबादला गेला, मापं घेऊन दुकानं पालथी घातली आणि दुसऱ्या कंपनीचा पण अगदी त्याच मापाचा वॉल घेऊन आला. घरी चहाच्या पातेल्यात तो उकळून सगळ्यांना दाखवला. पाणी तापलं तसा वॉल टपकन उघडला. त्याची चिमुरडी लेक पिंकी टाळ्या पिटत होती.

श्रीपतराव तेवढे हसले नव्हते. तीस वर्षांत त्यांनी शेकड्यानं वॉल काढून फेकले होते. आपल्याकडच्या उन्हात ही भानगड हवीच कशाला? काढून टाका, पाणी आपलं सतत फिरत राहतं, इंजिन गरम व्हायचं नावच घेत नाही. हुमनाबादचे निम्मे ट्रक तसेच पळत होते आणि एकही बंद पडला नव्हता. यावरून बापलेकांची रोज जुंपायची. आणि त्यात हा तर डुप्लिकेट!

गाडी तयार झाल्याचा फोन संध्याकाळी प्रणेशला करून दुसऱ्या दिवशी पहाट उलटताच बालाजीनं ती चालू केली. थंडी मी म्हणत होती. त्या गाडीची डरकाळी गल्लीभर जायची आणि मागच्या खोलीत पिंकी झोपलेली. लेकीची झोप मोडू नये म्हणून त्यानं शटर खाली ओढलं. इंजिनाच्या गरमीचा काटा मध्यावर आल्याशिवाय अशी गाडी हलवायची नाही, हे पुण्यात त्याच्या अंगात मुरलं होतं. तो बसून राहिला. धूर कोंडत गेला. बायकोनं, रेणुकानं, चहासाठी तीनदा हाक मारली. दोनदा आतून उत्तर आलं, "काटा आजून वर यायना, पाच मिनटं थांब." तिसऱ्यांदा आलं नाही.

डुप्लिकेट वॉलनं काटा वर येऊ दिला नाही, त्यानंच घात केला, असं गाव म्हणालं. भेटायला आलेले पाहुणेही जाता जाता तेच म्हणाले. शेवटी रेणुकाही म्हणू लागली. नवऱ्याची पान्यांची पेटी तिनं भंगारवाल्याला देऊन टाकली. श्रीपतरावांनी तिला अडवलं नाही.

आज प्रणेश कंपनीचा वॉल घेऊन आला होता. जुना काढून नवा बसवायचा आणि गाडी न्यायची. रेणुका दारात येऊन उभी राहिली. "मलाबी बघायचाय त्यो," ती म्हणाली. "ज्यानं माझ्या नवऱ्याला खाल्लं त्यो तुकडा कसा दिसतोय, बघू द्या."

श्रीपतरावांनी बोल्ट सोडवले. झाकण निघालं, पाणी भळभळा वाहून गेलं. प्रणेशनं वाकून पाहिलं, बोट घालून चाचपलं.

"यात तर वॉलच नाही!"

श्रीपतराव पाना पुसत राहिले.

"म्हणजे बसवलाच नव्हता?" प्रणेशचा आवाज चढला. "आदल्या संध्याकाळी मला फोनवर म्हणाला, साहेब, फस्क्लास बसलाय. धडधडीत खोटं बोलला माझ्याशी?"

रेणुकाचं तोंड उतरलं. महिनाभर ती नवऱ्याला हट्टी म्हणत होती, पण लबाड कधी म्हणाली नव्हती. तिची मान खाली गेली, तेव्हा मात्र श्रीपतरावांना राहवेना. तोंड मिटून ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. कधीच कळलं नसतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि महिनाभर छातीशी वागवलेला तो तुकडा काढून गाडीच्या मडगार्डवर ठेवला.

"पोरगं खोटं बोललं न्हाई, साहेब. त्यानं बसवला हुता. रातच्याला ही समदी जेवायला बसली, तवा म्या काढला."

"पण कामून?" रेणुका पुटपुटली.

"डुप्लिकेट हाय, उद्या वाटंत अडकला तर पोराचं नाव जाईल, म्हणून. त्याला सांगितलं असतं तर भांडला असता."

प्रणेश दोन पावलं मागे सरला. त्याला कळलं होतं. रेणुका गाडीजवळ आली. तिनं तो वॉल उचलला, तळहातावर फिरवून पाहिला. इतका हलका असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मामा," तिनं सासऱ्यांना विचारलं, "ह्यो नसला तर थंडीत काटा मध्यावर यायला किती येळ लागतोय?"

श्रीपतरावांनी शटरकडे पाहिलं.

"येतच न्हाई, बाई."