नववं गाणं

"नववं? माझं गाणं सगळ्यात शेवटी?" अनिमेषनं विचारलं.

"शेवटी म्हणजे खाली नव्हे रे," प्रथमेश म्हणाला. दोन हजार तीनचा डिसेंबर. वैशाली नगरातल्या त्याच्या खोलीत बँडच्या पहिल्या अल्बमची यादी ठरत होती. "आधी दोन दणदणीत. तिसऱ्यात वेग तोच, पण आवाज उतरलेला. मग पाच संतापाची, एकाला एक चिकटून, श्वास घ्यायला जागाच नाही. आठवं संपलं की चार सेकंद शांतता. आणि मग तुझी एकटी गिटार. मतलब, ताकभात शेवटीच येतो ना?"

"बाबा पहिलंच गाणं ऐकतील आणि बंद करतील."

आता बोला! अनिमेषनं बँडमध्ये राहायचं की पुण्याला एमबीए करायचं, हे त्याचे बाबा अल्बम ऐकून ठरवणार होते. गजानन ताम्हनकर, बँकेत मॅनेजर, मूळचे सांगलीचे. रॉक म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

दुसरा कुणी मित्र असता तर मुकाट्यानं गाणं वर घेतलं असतं. प्रथमेश हट्टी.

"पहिलं ठेवलं तर अख्ख्या अल्बमची वाट लागेल."

अनिमेष यादीकडे बघत राहिला. मग "चालेल" म्हणाला. भांडला नाही.

दोन दिवसांनी तो बाबांना ऐकवायला नेलेली सीडी परत घेऊन आला. "बाबा नाही म्हणाले." गिटारही त्यानं प्रथमेशकडेच ठेवली आणि पुण्याला गेला. त्याच्याशिवाय बँड जेमतेम दोन महिने चालला.

प्रथमेश सीतापुऱ्यात एका एक्स्पोर्ट कंपनीत लागला. बसमध्ये रोज मनातल्या मनात यादी बदलायचा. नववं पहिलं, पहिलं चौथं. नसता शहाणपणा नडला, असं स्वतःला म्हणायचा. जिवाभावाचा मित्र गेला तो आपल्यामुळे. लाजेपायी त्यानं अनिमेषला एक फोनही केला नाही.

तीन वर्षांनी गजाननरावांची नागपूरला बदली झाली. प्रथमेश सामान बांधायला गेला. ट्रक भरत आला तशी त्याला राहवेना.

"काका, चूक माझी होती. अनिमेषचं गाणं मीच शेवटी टाकलं. वर असतं तर तुम्ही ऐकलं असतं. हो म्हणाला असतात."

गजाननराव बांधलेल्या गादीवर टेकले.

"अरे, मी नऊच्या नऊ ऐकली. दोनदा! डोकं पार उठलं होतं, आणि मग ती एकटी गिटार आली. डोळ्यांत पाणीच आलं बघ. आधी असती तर नसतं आलं. त्याला म्हटलं, पुणंबिणं राहू दे, तू गाणंच कर."

"मग?"

"मग काय? म्हणाला, बाबा, मलाच नाही करायचं. पण प्रथमेशला कुठल्या तोंडानं सांगू? एवढा वाईटपणा तुम्ही घ्या."