कोचला नावं ठेवणारा

“हा कोच खेळाडू घडवतो म्हणता ना? मग एक घडलेला खेळाडू दाखवा मला,” व्हर्लिन स्टकी म्हणाला आणि त्यानं पावासारख्या गरम बिस्किटांवर दाट ग्रेव्ही ओतून घेतली.

त्या सकाळी लोर्नाच्या कॅफेत असं बोलायला हिंमत लागत होती. आदल्याच दिवशी गावच्या कॉलेजनं बास्केटबॉलचा चषक जिंकला होता, तोही जवळजवळ एका पिढीनंतर. खिडकीत लाल पताका लटकत होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला लोर्ना डोनट फुकट देत होती. बाहेर रस्त्यावर अजून गाड्यांचे भोंगे वाजत होते.

समोर बसलेला ओरिन हासे हा व्हर्लिनचा शाळेपासूनचा मित्र. सामन्यालाही दोघं शेजारी बसायचे. ओरिनचे कान लाल झाले.

“झीक पूल दिसला नाही का रे तुला?”

झीक पूल हा गावचा नवा हिरो. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याच्या हातात चेंडू ठरत नव्हता. कोच ट्रेस्लरनं सबंध उन्हाळा त्याला पाण्यात बुडवून निसरडे केलेले चेंडू झेलायला लावले. काल शेवटच्या क्षणी तिघांच्या गर्दीत उडी मारून त्यानंच चेंडू झेलला आणि वळून बास्केटमध्ये टाकला.

“पोरगं दोन वर्षांत वीतभर वाढलं,” व्हर्लिन म्हणाला. “ते पण कोचनंच वाढवलं? मग त्याच्या आईनं काय केलं?”

दोन-तीन टेबलं हसली. ओरिन हसला नाही.

मॅक्सिन गेल्यापासून व्हर्लिनच्या जिभेला हाड राहिलेलं नाही, असं गावात म्हणत. बायको गेलेल्या माणसाला कोण काय बोलणार? वर्षभर तो कोचला नावं ठेवत होता, कॅफेत, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर. रेडिओवर प्रेक्षकांचे फोन घेणारा कार्यक्रम लागे, त्यातही त्याचा आवाज हमखास असायचा. तो कार्यक्रम सगळ्या राज्यात ऐकला जायचा, याची ओरिनला जास्त लाज वाटायची.

आणि आता तर भीतीही वाटत होती. राज्याच्या मोठ्या विद्यापीठाला नवा कोच हवा होता आणि ट्रेस्लरचं नाव घेतलं जात होतं. याआधीचे दोन्ही कोच असेच गेले होते. चषक नाही, पण इथं सामने जिंकू लागले आणि उचलले गेले. प्रत्येक वेळी मागे संघ कोसळला. ट्रॅक्टरचा कारखाना बंद पडल्यावर सगळं गाव एकत्र येईल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे कॉलेजचं क्रीडागृह. ट्रेस्लरनं स्वतः सांगितलं होतं की त्यानं अर्ज केलेला नाही, पण तेवढं मोठं बोलावणं आलं तर नाही कोण म्हणतं?

“तुझं हे सगळं त्याच्या कानावर जातं,” ओरिन म्हणाला. “वैतागून निघून जाईल तो.”

“जाऊ दे की. त्याला कोणी बांधून ठेवलंय?”

शेजारच्या टेबलावर एक अनोळखी माणूस कॉफी घेत होता. विजयामुळे गावात बाहेरचे बरेच बातमीदार आले होते, हाही त्यातलाच असावा. खुर्ची वळवून त्यानं नम्रपणे विचारलं, की हा कोच कच्ची पोरं तयार करतो असं ऐकलंय, ते खरं का?

ओरिनला हेच हवं होतं. त्यानं झीकची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, त्याच्याआधीच्या चार पोरांची सांगितली. माणूस मान डोलावत राहिला. मग त्यानं व्हर्लिनकडे पाहिलं.

व्हर्लिननं तोंड पुसलं आणि शांतपणे एकेक खेळाडू सोलून काढला. हा आला तेव्हाच तयार होता. दुसऱ्याला त्याच्या थोरल्या भावानं शिकवलं. तिसरा इथून दुसऱ्या कॉलेजात गेला तेव्हा कुठे खेळायला लागला. चषक? नशीब. प्रतिस्पर्ध्यांचा मुख्य खेळाडू लंगडत होता. हे सगळं तो इतक्या दुःखानं बोलला, की शेवटी त्या माणसानं सहानुभूतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो गेल्यावर ओरिन आपली प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. नंतरचे काही दिवस तो व्हर्लिनशी एक शब्द बोलला नाही.

शुक्रवारी सकाळी लोर्नानं रेडिओ मोठा केला. मोठ्या विद्यापीठानं कोच निवडला होता, ओहायोतला कोणी. ट्रेस्लर नव्हे. कॅफेत असा गलका झाला की पुढचं ऐकू येईना. लोर्नानं ओरडून सगळ्यांना गप्प केलं.

रेडिओवर विद्यापीठाचा माणूस बोलत होता, आणि तो आवाज त्या कॉफी पिणाऱ्या पाहुण्याचा होता. ट्रेस्लर जिंकतो हे खरं, तो सांगत होता, पण खेळाडू घडवण्याच्या बाबतीत त्याच्याच गावच्या जुन्या प्रेक्षकाला खात्री वाटली नाही. म्हणून आम्ही थांबलो.

लोक पुन्हा टेबलं बडवू लागले. कोणीतरी ट्रेस्लरला फोन लावला. तो घरी भिंतीला रंग देत होता आणि हसत होता, असं कळलं.

ओरिन उठला आणि व्हर्लिनसमोर जाऊन उभा राहिला.

“राहिला तो. तू इतकी गरळ ओकूनही राहिला. आता तरी मान खाली घाल, म्हाताऱ्या. असा कोच या देशात दुसरा नाही.”

व्हर्लिननं त्याला बाहीला धरून खाली बसवलं, दाराकडे एक नजर टाकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“हळू बोल, गाढवा. तो कसा आहे ते मला माहीत नाही का? पुढच्या वर्षी आणखी मोठे लोक येतील न्यायला, मी एकटा पुरा पडणार नाही. तूही आता शिव्या द्यायला शीक.”