मुंगसाचा श्वास

लाथ बसते त्या क्षणी मुंगूस आता श्वास सोडत होता. आधी तो दम रोखून धरायचा. आवाज जुळवणाऱ्या योगिनीने पडद्यावरची आवाजाची लहर मोठी करून पाहिली. प्रत्येक फटक्याबरोबर एक छोटा, जड ‘हं’.

‘रानमूठ’ या कार्टून मालिकेत पाच प्राणी कराटे खेळून रान राखत. मुंगूस त्यांचा म्होरक्या, आणि त्याचा आवाज ज्योतीरामचा. घशाच्या ऑपरेशननंतर तो तळवड्याच्या स्टुडिओत आला नव्हता. रावेतच्या घरीच रेकॉर्ड करून पाठवायचा.

“अगं, मशीनने बनवलेला आवाज आहे हा,” दिग्दर्शक रविराज म्हणाला. “नाहीतर माणूस फोन का उचलत नाही?”

“मशीन दमत नाही, सर. हा दमतो.”

“मग डोळ्यांनी बघून ये. दिसला नाही, तर उद्यापासून मुंगूस दुसऱ्याला.”

रावेतला ज्योतीरामच्या बायकोने, विजयश्रीने दार उघडलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं, फटीला गोधडी लावलेली.

“दादा आहेत ना, वहिनी?”

“काम चाललंय आत. बसा, चहा टाकते.”

“एकदा भेटले की झालं.”

“भेटायचं की नाही, तेच घरात अजून ठरत नाहीये.”

कोपऱ्यात लोखंडी मुसळ उभं होतं. योगिनीची नजर तिकडे गेली.

“सासूबाईंचं,” विजयश्री म्हणाली. “निगडीत जन्मभर मिरच्या कांडल्या. टाकू देत नाहीत.”

तेवढ्यात आतून आरोळी आली. “पाच बोटं, एक मूठ!” मागोमाग फटके. हं. हं. हं.

तोच आवाज. भरदार, कडेला जरा फाटलेला. जिवंत माणसाचा. योगिनीला हायसं वाटलं. तिने फोनवर लिहिलं, ‘दादा आत आहेत. मी ऐकलं.’

ती मेसेज पाठवणार, तोच बाहेरचं दार उघडलं. दुधाची पिशवी घेऊन ज्योतीराम आत आला. गळ्याभोवती मफलर. योगिनीला पाहून त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही.

मग जाऊन त्याने आतल्या दारावर टकटक केली.

दार उघडलं. घामाने भिजलेल्या त्याच्या आई, दुर्गाबाई, पदरावरून चढवलेला हेडफोन. त्यांनी लेकाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

“पोरी,” मुंगसाचा आवाज म्हणाला, “ह्याचा गळा न्हाई परतायचा. आता मालिकेत नाव माझं घाला.”