ताउनोच्या बापाचं पिस्तूल

पिस्तुलावर ओलं हळदकुंकू पाहून पद्माकरचं डोकंच फिरलं.

"चित्रा, लोखंड आहे ते. पाणी लागलं की गंज धरतं."

"आज खंडेनवमी आहे," चित्रलेखा म्हणाली. "मिक्सरला लावलं, तुझ्या लॅपटॉपला लावलं. घरात खरं शस्त्र असताना तेवढंच वगळू?"

फोन घ्यायला त्याने जरा पाठ फिरवली होती, तेवढ्यात हा कारभार. पद्माकर जुनी लष्करी पिस्तुलं जमवायचा, रीतसर परवाना काढून. वॉलॉंगॉंगच्या घरात त्यांच्यासाठी भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी होती. पण हे पिस्तूल ताउनोचं होतं. स्टीलवर्क्समध्ये पद्माकर नवखा असताना या फिनिश म्हाताऱ्याने त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं. पहिल्या थंडीत तर अंगातलं जॅकेट काढून दिलं होतं. आता ब्याऐंशीचा ताउनो वृद्धाश्रमात निघाला होता. पिस्तूल पद्माकरच्या नावावर करताना त्याने एकच मागितलं, "मेट, हे आर्मीचंच आहे ना, तेवढं बघून सांग. बापाचं आहे."

असली पिस्तुलं स्पेनमध्ये पोत्याने बनली आणि निम्म्या युरोपात विकली गेली. फिनलंडच्या सैन्याची असतील त्यांच्यावर बारीक चौकोनात 'एसए' असा शिक्का असतो. शिक्का असला तर सैन्याचं, नसला तर कुठल्याही बाजारातलं. पद्माकरने भिंग लावलं, टॉर्च तिरपा धरून पाहिला. काही दिसेना. दिसणार कुठून? ताउनो दर रविवारी बापाच्या आठवणीने ते घासत आला होता. वेडं प्रेम, दुसरं काय. लोखंड ताटासारखं लख्ख झालं होतं.

दुपारी ताउनो यायचा होता आणि त्याच्या तोंडावर 'सांगता येत नाही' म्हणायचं पद्माकरच्या जिवावर आलं होतं.

"मला माहीत होतं, तुला खोटं बोलता येणार नाही," चित्रलेखा हळूच म्हणाली. "म्हणून म्हटलं, सैनिकाचं शस्त्र म्हणून एकदा तरी कुणी त्याला नमस्कार करावा."

पद्माकरचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने तेलाचं फडकं घेतलं आणि पिस्तूल पुसायला लागला. कुंकू निघालं. मुठीच्या वर मात्र झिजलेल्या खाचेत लाल रेघ राहिली. त्याने पुन्हा पुसलं. रेघेचा चौकोन झाला. चौकोनात दोन अक्षरं होती.

ताउनो आला आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिला. उरलेलं कुंकू पुसायला पद्माकरने फडकं पुढे केलं, तसा त्याने पद्माकरचा हात बाजूला सारला.

"हे लाल काय आहे?"

"लढाईवर निघालेल्याला आम्ही हे लावतो आणि दिव्याने ओवाळतो," चित्रलेखा म्हणाली. "परत आलेल्यालाही."

"माझा बाप परत आला नाही. मी पाळण्यात असताना कुणी अनोळखी माणूस हे घरी देऊन गेला. आई मरेपर्यंत म्हणायची, सैन्यात कसला जातोय, आपल्याला टाकून पळाला."

म्हाताऱ्याने त्या लाल चौकोनावरून अलगद अंगठा फिरवला.

"दिवा लाव, चित्रा. आज आलाय तो."