रावेतपर्यंत एक चक्कर

मुलांनो, दोनच सीटची एक लालभडक गाडी डोळ्यांसमोर आणा. वाकडच्या एका सोसायटीत ती कायम कव्हरखाली उभी असायची. स्पीडब्रेकरला तिचं पोट घासेल, ही धम्मपालना धास्ती. त्यामुळे त्यांची लेक मिनल त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. शेवटी उभ्या उभ्या बॅटरी डाऊन झाली आणि बॅटरीवाले ज्योतीराम आले.

"हलकी घातली तर वर्षात परत बोलवाल, भाऊ."

"भारीतलीच द्या. परत कटकट नको," धम्मपाल म्हणाले.

नवी बॅटरी जोडून झाली. "आता एक चक्कर मारून आणा, म्हणजे चार्जिंग घेते का ते कळेल," असं ज्योतीरामांनी सांगितल्यावर पप्पांचा नाइलाज झाला. शेजारची सीट मिनलला मिळाली. रावेतपर्यंत जाऊन येईस्तोवर तिचं हसू काही मावळलं नाही.

परत आल्यावर तिने सीटवरूनच विचारलं, "काका, आता ही कधी डाऊन होईल?"

"पाच वर्षं बघायला नको, बाळा. फक्त आतला दिवा रात्रभर चालू राहायला नको."

पप्पा कव्हर झटकत होते.


मिनलने गाडीतला दिवा लावला, तो तसाच ठेवून ती खाली उतरली आणि दार अलगद लावून घेतलं.